ड्राय बाल्कनीतली बिअर

बाबांच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे आली, आणि तोवर आमच्या ड्राय बाल्कनीतल्या जुन्या फ्रिजमध्ये बिअरचं पिंप भरून झालं होतं.

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी हिंजवडीला, ऑफिसात होते. एका पेशंटनं तारीख रद्द केली आहे, तुमच्या वडिलांना लवकर आणता येईल का, असं तिथली मुलगी विचारत होती. नाहीतर थेट पावसाळ्यातच नंबर लागला असता. मी लगेच हो म्हणाले, बाबांना कळवलं, नागपूरहून यायचं तिकीट काढलं, बॉसकडून घरून काम करायची परवानगी मिळवली. संध्याकाळी घराचं दार उघडलं आणि फ्रिजची घरघर ऐकू आली. तेव्हा कुठे लक्षात आलं, की बाबा झोपणार ती खोली आणि हा फ्रिज यांच्यामध्ये फक्त एक सरकती काचेची खिडकी आहे. पलंगाचं उसं बरोबर त्या खिडकीखाली होतं.

आमचं घर धायरीत, चौथ्या मजल्यावर. नवरा तेव्हा कंपनीच्या कामासाठी जर्मनीत होता. बिअर करायचं खूळ मुळात त्याचं. एका मित्राकडून तो ते शिकून आला, दोन-तीनदा उत्साहानं केली आणि मग कंटाळला. मला मात्र ते लागलं. मी सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते. एका वेळी एकच बदल करायचा आणि काय फरक पडतो ते बघायचं, यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली आहेत. बिअरमध्येही तेच करावं लागतं. मोड आणून भाजलेली बार्ली गरम पाण्यात भिजवायची, ते गोडसर पाणी गाळून उकळायचं, गार करायचं, त्यात यीस्ट सोडायचं आणि वाट बघायची. पिण्यापेक्षा मला ती वाट बघणंच जास्त आवडायचं. आम्ही करायचो ते घरापुरतं, पण परवान्याशिवाय ते कायद्यात बसत नाही हे दोघांनाही माहीत होतं. त्यामुळे सोसायटीत कुणाला सांगायचा प्रश्न नव्हता. बाबांना सांगायचा तर मुळीच नव्हता.

बाबा जिल्हा कोषागारातून निवृत्त झाले. आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा बाबा त्यांच्या कडेवर होते. आमच्या घरी रोज सकाळी वंदना व्हायची, पंचशील म्हटलं जायचं, आणि नशेपासून दूर राहण्याचा शब्द देणारं पाचवं शील आलं की बाबांचा आवाज जरासा चढायचा. ओळखीत कुणाच्या लग्नात मंडपामागे बाटल्या निघाल्या, तर बाबा समोरचं ताट तसंच ठेवून उठायचे. भांडायचे नाहीत. चालत घरी निघायचे, आणि आम्हालाही मागोमाग निघावं लागायचं. लहानपणी मला त्याचा फार राग यायचा, कारण जिलबी नेहमी शेवटी वाढायचे.

पिंप ओतून टाकावं असं मनात येऊन गेलं. पण ते नवं पिंप होतं, दाब सहन करणारं, आणि त्यातली ती माझी पहिलीच बिअर होती. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचं, गुडघ्याच्या वर येईल एवढं उंच. साध्या पिंपात बिअर आंबताना तयार होणारा वायू उडून जातो. यात तो कोंडून ठेवता येतो, त्यामुळे बिअरला आतल्या आतच बुडबुडे धरतात. झाकणावर दाब दाखवणारा काटा असतो. ठरवलेल्या दाबाच्या वर गेलं की जादाचा वायू सोडून देणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्याशिवाय कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखा आणखी एक असतो, पहिल्यानं दगा दिला तर कामी येणारा. मला हे सगळं फार भरवशाचं वाटलं होतं.

शेवटचं एक काम बाकी होतं, ते म्हणजे हॉप्स घालणं. हॉप्स ही एका वेलीची फुलं. बिअरचा कडवटपणा त्यांचा आणि चांगला वासही त्यांचाच. आपल्याकडे ती दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. लांबून बघितलं तर गुरांची पेंड वाटावी. उकळत्या पाण्यात घातली तर कडूपणा उतरतो. पण वास हवा असेल तर आंबणं संपत आल्यावर, न उकळता, तशीच आत सोडायची. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. दाबाच्या पिंपात हे करताना झाकण उघडून चालत नाही. हवा शिरली की वास मरतो. म्हणून मी त्या गोळ्या चक्का बांधायच्या फडक्यात एका लोहचुंबकासोबत बांधून सुरुवातीलाच आत ठेवल्या होत्या. बाहेरून दुसरं चुंबक लावलं की पुरचुंडी वरच्या बाजूला आतल्या भिंतीला चिकटून राहते. बाहेरचं काढलं की ती बिअरमध्ये पडते. एवढं सोपं.

ऑपरेशन नीट पार पडलं. बाबांना काळा चष्मा मिळाला, झोपताना डोळ्यावर लावायची प्लॅस्टिकची झापड मिळाली आणि सूचनांची मोठी यादी मिळाली. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी, धूळ, काही म्हणजे काही जाता कामा नये. दिवसातून अनेकदा थेंब घालायचे आणि ते मीच घालायचे, कारण स्वतः घालताना बाबा डोळा मिटून घेत आणि औषध गालावरून कानात जाई.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, बाहेर दुसरा फ्रिज कशाला ठेवला? मी म्हणाले, त्याचं काही सामान आहे. त्याचं म्हणजे जावयाचं, हे त्यांना कळलं. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि उन्हाचा त्रास नको म्हणाले.

हॉप्स मी गुरुवारी सकाळी सोडली. आणखी लांबवलं असतं तर बिअर पूर्ण आंबून गेली असती. बाबा बाहेरच्या खोलीत टीव्हीवरच्या बातम्या ऐकत होते. बघायची मनाई होती, ऐकायची नव्हती. मी बाल्कनीचं दार लोटून घेतलं, फ्रिज उघडला आणि पिंपाच्या भिंतीवरचं चुंबक काढलं. पुरचुंडी पडली. पुढच्याच क्षणी आतल्या बिअरचं सगळं अंग शहारल्यासारखं झालं आणि खालून फेस उसळला. बुडबुडे धरलेल्या बिअरमध्ये असं काही पडलं की वायू एकदम सुटतो, हे मी वाचलेलं होतं. पण डोळ्यांसमोर फेस वर चढताना बघणं वेगळं. फडकं बहुतेक सैल बांधलं गेलं होतं, कारण फेस हिरवट होता. तो झाकणापर्यंत गेला, व्हॉल्व्हमध्ये शिरला, बाहेर थोडा फुसफुसला आणि हळूहळू खाली बसला. मी व्हॉल्व्ह वरून पुसला, काटा बघितला, तो जागेवर होता. फ्रिज लावून टाकला. हात हॉप्सच्या चिकट हिरव्या रसानं माखले होते.

थोड्या वेळानं वीज गेली. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. दर गुरुवारी नाही. ज्या गुरुवारी आपल्याला नको असते त्या गुरुवारी नक्की. एप्रिल होता. इन्व्हर्टरवर पंखे आणि माझा लॅपटॉप चालू राहिला, पण फ्रिजची घरघर थांबली. मी एका मीटिंगमध्ये होते आणि ती लांबत गेली. बिअर थोडी गरम होईल, दाब थोडा वाढेल, व्हॉल्व्ह जादाचा वायू सोडेल, असं मी मनाशी म्हटलं आणि बोलणाऱ्याकडे लक्ष दिलं.

दुपारी बाबांच्या थेंबांची वेळ झाली. ते खिडकीखालच्या पलंगावर उताणे पडले होते. मी हात आधी साबणानं धुतले होते, तरी बोटांचा वास जाईना, म्हणून लिंबाची फोड चोळून पुन्हा धुतले. खालची पापणी बोटानं ओढून मी एक थेंब टाकला. बाबांनी डोळे मिटले.

"तू लिंबानं हात धुतले," ते म्हणाले.

मी म्हणाले, भांडी घासली.

"भांडेवाली बाई सकाळीच येऊन गेली."

मी बाटलीचं झाकण लावत राहिले. बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवले, आणि मला आजवर कधीही न सांगितलेली गोष्ट सांगितली. आजोबा प्यायचे. मला आजोबा फक्त भिंतीवरच्या फोटोतले माहीत होते, दीक्षा घेतलेले, पांढऱ्या सदऱ्यातले. बाबा म्हणाले, गिरणीतून सुटल्यावर ते पिऊन येत, आणि येताना वाटेवरच्या झाडाची पेरूची पानं चावून, तळहातावर चुरडून येत. दारूचा वास लेकरांना ओळखू यायचा नाही, पेरूच्या पानांचा यायचा. तो वास दारात आला की आजी चुलीपासून उठायची आणि सगळ्यांना मागच्या दारानं शेजारी न्यायची. लोकांसमोर शब्द दिलेला माणूस होता, म्हणून झाकत होता, असं बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कोषागारात एखाद्याची फाइल समजावून सांगावी तसं ते सांगत होते.

मग म्हणाले, "तुझं काय आहे ते मी विचारत नाही. पण वास झाकलेला हात माझ्या डोळ्यापाशी आणू नको."

त्यांच्या उशाशी बसून मी हातातल्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होते. आणि तेव्हाच खिडकीच्या पलीकडून आवाज आला. मोठा नव्हता. पाण्याची रिकामी बाटली उन्हात तापल्यावर टक् करते तसा, पण जाड.

मी उठून बाल्कनीत गेले आणि फ्रिज उघडला.

काटा लाल रेघेच्या पलीकडे होता. पिंपाचा आकार बदलला होता. खालचा भाग, जो आतल्या बाजूला वळलेला असतो, तो फुगून सपाट व्हायला लागला होता. आतमध्ये हिरवा फेस झाकणाला टेकलेला होता आणि त्यात बारीक हालचाल चालू होती. काय झालं असावं ते मला त्या क्षणी कळलं. नव्या हॉप्समुळे थांबत आलेलं आंबणं पुन्हा सुरू झालं होतं, उकाड्यानं त्याला जोर आला होता, आणि व्हॉल्व्हच्या आत गेलेला सकाळचा हिरवा गाळ वाळून घट्ट बसला होता. मी सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढली. चमचाभर फेस थुंकल्यासारखा बाहेर आला आणि तोही बुजला. पुन्हा ओढली. काही नाही.

अशी पिंपं फुटतात, हे मी वाचलेलं होतं. झाकण छतापर्यंत जातं आणि प्लॅस्टिकच्या चिरफळ्या होतात. फ्रिजचं दार तेवढं मजबूत नव्हतं, आणि खिडकीच्या काचेखाली बाबांचं डोकं होतं.

त्यांना काय सांगून उठवायचं, याचा मी विचार केला. तो फार वेळ चालला असेल असं नाही, पण मला तो लांबलचक आठवतो. गॅस गळतोय म्हणावं, असंही सुचलं. मग मी खोलीत गेले.

"बाबा, उठा. आपल्याला घराबाहेर जायचंय."

"काहून?"

"बाल्कनीतल्या फ्रिजमध्ये बिअरचं पिंप आहे. मी घरी केलेली. ते फुटू शकतं."

ते उठून बसले. चष्मा लावला, पाय खाली सोडले आणि माझ्याकडे बघत राहिले, काळ्या चष्म्यातून. त्यामुळे ते काय बघत होते ते मला दिसलं नाही. नंतर त्यांनी चपला मागितल्या.

लिफ्ट बंद होती. ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यानं चार मजले जिने उतरणं मला धोक्याचं वाटत होतं, आणि वर थांबणंही. मी प्लॅस्टिकची खुर्ची उचलून जिन्याच्या चौकात ठेवली आणि त्यांना म्हणाले, हळूहळू, कठड्याला धरून, निदान एक मजला तरी खाली जा.

"तू?"

मी म्हणाले, मला आत जाऊन दाब कमी करावा लागेल.

"मग मी इथंच बसतो," असं म्हणून ते खुर्चीवर बसले. मी पुन्हा सांगितलं. ते नुसते बसून राहिले. वाद घालायला वेळ नव्हता. मी दार ओढून घेतलं, पण कडी लावली नाही.

वॉचमनला किंवा अग्निशमन दलाला बोलवावं हे मनात आलं नाही असं नाही. पण आले असते तर प्रश्नही आले असते, आणि मुख्य म्हणजे ते येईपर्यंत काय, याचं उत्तर नव्हतं. जर्मनीला फोन लावला, तो उचलला गेला नाही. मी खुंटीवरचं स्कूटरचं हेल्मेट घातलं. पुण्यात इतकी वर्षं राहून मी ते एवढ्या मनापासून पहिल्यांदाच घातलं असेल. थंडीचं जॅकेट चढवलं आणि बाबांच्या पलंगावरची गादी ओढत बाल्कनीत नेऊन फ्रिजच्या उघड्या दारासमोर उभी केली.

वायूचे दोन्ही मार्ग बुजले होते, म्हणजे उरला तो बिअरचा. झाकणाला बिअर काढून घ्यायला एक वेगळी तोटी असते. तिला नळी जोडून नळ उघडला की आतला दाबच बिअर बाहेर ढकलतो. बिअर कमी झाली की आत जागा वाढते आणि दाब उतरतो. कागदावर सरळ होतं. अडचण ही होती की नळी जोडायची तर झाकणावर जोर द्यायचा, आणि त्या झाकणाला हात लावायची माझी तयारी होत नव्हती. हेल्मेटच्या आत माझाच श्वास मला ऐकू येत होता. काचेवर वाफ धरत होती, म्हणून काच वर केली, मग डोळ्यांचा विचार करून पुन्हा खाली केली.

गादीच्या कडेनं हात आत घालून मी नळी तोटीवर दाबली. एकदा सटकली. दुसऱ्यांदा खट्कन बसली. नळीचं टोक बाल्कनीतल्या पाणी जायच्या जाळीवर धरून मी नळ उघडला.

बिअर आली नाही. नळीत हिरवा गाळ थोडा सरकला आणि थांबला. पिंपातून पुन्हा तो आवाज आला. आता मला वाटलं, संपलं. मी नळ बंद केला, उघडला, बंद केला, उघडला. नळी मधेच चिमटून सोडली. जोरजोरात हलवली. आत काहीतरी सुटलं, नळी हातात सापासारखी उसळली आणि पिवळट हिरवा फेस जाळीवर, भिंतीवर, माझ्या पायांवर आदळला. नंतर बिअर वाहायला लागली. मी काट्याकडे बघत होते. तो हलत नव्हता. बादलीभर तरी गेली असेल, तरी हलत नव्हता. मग लाल रेघेला टेकला. मग रेघेच्या अलीकडे आला आणि तिथून भराभर उतरला.

बाल्कनीभर वास पसरला होता. त्यासाठीच तर हे सगळं केलं होतं: आंबेहळद, संत्र्याची साल, कापलेलं गवत.

बाहेरून बोलण्याचा आवाज आला तेव्हा मी अजून नळी धरून उभी होते. आमच्या खालच्या मजल्यावर सोसायटीचे चेअरमन राहत. नारायण पेठेत जन्म गेलेले, निवृत्तीनंतर मुलाबरोबर धायरीला आलेले, आणि धायरीला येऊनही नारायण पेठेतच राहणारे गृहस्थ. ते जिना चढून आले होते आणि बाबांना विचारत होते.

"अहो, आपल्या बाल्कनीच्या पाइपातून आमच्याकडे फेस येतोय. आपण वर साबणाचा कारखाना काढलाय का?"

माझा हात नळावर होता. बाबा खोटं बोलत नाहीत. पंचशीलात तेही एक आहे, आणि मला शाळेत गैरहजर राहण्यासाठी त्यांनी एकदाही खोटी चिठ्ठी दिली नव्हती. आता ते काय सांगणार, हे मला दाराआडून स्पष्ट दिसत होतं.

"साबण नाही," बाबा म्हणाले. "बिअर आहे. पिंप फुटायच्या बेतात होतं. माझी मुलगी ते रिकामं करून राहिली."

"आम्ही साधा प्रश्न विचारला होता," थट्टा समजून चेअरमन म्हणाले. "सरळ उत्तर द्यायला आपल्याला काही हरकत नव्हती." आणि ते जिना उतरून गेले. चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला, मग दार आपटल्याचा.

काटा जवळजवळ शून्यावर आल्यावर मी नळ बंद केला, दोन्ही व्हॉल्व्ह खोलून धुतले आणि उरलासुरला वायू सोडून दिला. मग जाऊन दार उघडलं. बाबा खुर्चीवर तसेच बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी हेल्मेट काढायचं विसरले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"लागलं का कुठं?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग हेल्मेटसकट उंबऱ्यावरच बसले. ते उठले, माझ्या बाजूनं आत गेले, आणि थोड्या वेळानं तांब्याभर पाणी घेऊन आले. वाकायचं नाही हे लक्षात ठेवून त्यांनी तो उभ्यानंच माझ्या हातात दिला.

संध्याकाळी त्यांचा डोळा लाल दिसायला लागला. उन्हानं, दगदगीनं, की त्या हिरव्या फेसातलं काही उडून गेलं, मला कळेना. मी तर अंघोळ करूनच त्यांच्याजवळ गेले होते. दवाखान्यात फोन केला, त्यांनी सकाळी आणायला सांगितलं. रिक्षात बसल्यापासून परत येईपर्यंत आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. डॉक्टरांनी पेशंटची काही धावपळ झाली का विचारलं. बाबा म्हणाले, धावलो नाही, बसून होतो. डॉक्टरांनी डोळा पुन्हा पुन्हा तपासला, आत बसवलेलं भिंग ठीक आहे म्हणाले, थोडी सूज आहे, एक थेंब वाढवून दिला. मी बाहेर येऊन खांबाला टेकून उभी राहिले. एका बाईनं मला बसायला जागा दिली.

त्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, रोज पितेस का. मी म्हणाले, नाही, आठवड्यातून एखाद वेळी, एक ग्लास. दोघं मिळून पिता का? हो. त्याचं भान सुटतं का, हात उचलतो का? नाही, बाबा, कधीच नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ चावत राहिले.

पिंपात निम्मी बिअर अजून होती. ती ओतून टाकू का, असं मीच विचारलं.

"ते तू ठरव," ते म्हणाले. "मी सांगतो म्हणून ओतशील, अन् मी गेल्यावर पुन्हा करशील. त्यात काय अर्थ आहे?"

मी ओतली नाही, आणि ते असेपर्यंत तिला हातही लावला नाही. पुढचे दिवस आम्ही जपून वागलो. मी साध्या साबणानं हात धुऊन थेंब घालायचे. ते पाचवं शील म्हणताना आवाज चढवतात का, याकडे सकाळी स्वयंपाकघरातून माझा कान असायचा. चढत होता, नेहमीसारखाच. स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी त्यांनी सांगितलं, की डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ते नागपुरातच करून घेतील, तुला उगाच त्रास. मी आग्रह केला, पण तो मला स्वतःलाच ओशाळवाणा वाटला. घरी येऊन पिंपातली बिअर चाखून बघितली. हॉप्स इतके दिवस आत राहिल्यानं ती ओल्या गवतासारखी लागत होती. सगळी ओतून दिली, या वेळी खालच्यांच्या पाइपाचा विचार करून, बादलीबादलीनं संडासात.

काही महिने मी काही केलं नाही. नंतर पुन्हा सुरू केलं, नवरा परत आल्यावर. हॉप्स आता बारीक जाळीच्या स्टीलच्या डबीत घालते, आणि वीज गेली की मीटिंग सोडून उठते. पहिली बिअर झाली त्या रविवारी बाबांना फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सांगितलं, की बाबा, मी पुन्हा बिअर केली आहे.

"मला आवडलं नाही," ते म्हणाले. "पण तू सांगितलं."

मग त्यांनी डाव्या डोळ्याचा विषय काढला. नागपूरच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, पण त्यांचा हात काही पटला नव्हता. पुण्याच्याच डॉक्टरांची वेळ मिळते का बघ, म्हणाले. एकच अट होती: ते राहायला येतील तेव्हा घरात ती वस्तू नसावी, भरलेली किंवा रिकामी. गेल्यावर माझं मी बघावं.

मी हो म्हणाले, आणि तारीख कळली की तिकीट काढते, असं सांगितलं.

"तिकीट मी काढलं आहे," बाबा म्हणाले. "तू फक्त डॉक्टरांचं बघ."